चाकाचा एक फेरा: परीघावरून अंतर, फेरे आणि वेग कसा काढायचा

रविवारी सकाळी आमच्या गल्लीतली चार-पाच पोरे गणित घेऊन माझ्याकडे येतात. 'वर्तुळाचा परीघ काढा' म्हटले की सगळ्यांची उत्तरे पटापट येतात. तेच 'चाकाचे ५०० फेरे झाले तर सायकल किती लांब गेली?' विचारले की पेनाची टोपणे चावायला सुरुवात होते. सूत्र पाठ असते, पण त्या सूत्राचा रस्त्याशी काय संबंध हे कुणी दाखवलेले नसते. त्यामुळे पहिला धडा मी वहीत घेतच नाही. सायकल, खडू आणि टेप घेऊन आम्ही खाली पार्किंगमध्ये जातो. तुम्हीही तसेच करा. हे गणित एकदा हाताने केले की परत विसरत नाही.

आधी खडूने

मागच्या चाकाचा वॉल्व्ह, म्हणजे हवा भरायची नळी, बरोबर खाली येईल अशी सायकल उभी करा. वॉल्व्हच्या खाली टायर जिथे फरशीला टेकतो तिथे खडूने रेघ मारा. मग सायकल सरळ रेषेत ढकलत न्या. वॉल्व्ह वर जाईल, फिरून पुन्हा बरोबर खाली येईल. तिथे दुसरी रेघ. आता दोन रेघांमधले अंतर मोजा.

तेवढाच त्या चाकाचा परीघ. टायरवर ओला रंग लावला असता तर त्याचा पट्टा या दोन रेघांमध्ये जसाच्या तसा उमटला असता. टायरचा प्रत्येक बिंदू जमिनीला एकदाच टेकला आणि कुठेही घसरला नाही. म्हणून टायरची गोल लांबी जमिनीवर सरळ होऊन पडली. या लेखात पुढे जे काही येते ते एवढ्यावरच उभे आहे:

अंतर = परीघ × फेरे

तीन आकडे आहेत. कोणतेही दोन कळले की तिसरा निघतो. अंतर हवे असेल तर गुणा, फेरे हवे असतील तर अंतराला परिघाने भागा, परीघ हवा असेल तर अंतराला फेऱ्यांनी भागा. परीक्षेतला प्रश्न कितीही लांबलचक असो, त्यात चाक सायकलचे असो की रथाचे, आधी एवढेच ठरवायचे: तिन्हींपैकी मला काय दिले आहे आणि काय मागितले आहे?

आता वहीत

परीघ सूत्राने काढताना व्यास × पाय, किंवा २ × पाय × त्रिज्या. (हा पाय चालायचा नव्हे, ग्रीक अक्षर आहे. दरवर्षी एक तरी पोरगा हसतोच.) पायची किंमत २२/७ घेतात.

नेहमीचे उदाहरण: चाकाची त्रिज्या ३५ सेमी आहे. १.१ किमी जायला किती फेरे लागतील?

परीघ = २ × २२/७ × ३५ = २२० सेमी. अंतर १.१ किमी, म्हणजे १,१०,००० सेमी. भागाकार केला की ५०० फेरे.

इथे चुका कुठे होतात ते मी पाहत आलो आहे, आणि स्वतःही केल्या आहेत. पहिली चूक त्रिज्या आणि व्यास यांची अदलाबदल. शाळेत असताना मी एका परीक्षेत व्यासालाच त्रिज्या समजून दुप्पट केले होते आणि फेऱ्यांचे उत्तर बरोबर निम्मे आले होते. उत्तर अपेक्षेच्या अगदी दुप्पट किंवा निम्मे आले की आधी याच चुकीकडे बघा. दुसरी चूक एककांची. चाक सेंटिमीटरमध्ये आणि रस्ता किलोमीटरमध्ये दिलेला असतो. मी पोरांना परीघ काढल्या काढल्या मीटरमध्ये लिहायला लावतो. २२० सेमी नाही, २.२ मी. मग १,१०० भागिले २.२ हे तोंडी होते. आणि उत्तर आले की डोळ्यांसमोर सायकल आणायची: मोठ्या सायकलचे चाक एका फेऱ्यात साधारण दोन-सव्वादोन मीटर जाते, म्हणजे किलोमीटरला साडेचारशे ते पाचशे फेरे. तुमचे उत्तर ५० किंवा ५०,००० आले असेल तर शून्य कुठेतरी सांडले आहे.

त्रिज्या ७, १४, २१, ३५ अशीच का देतात? सातने भाग जावा म्हणून, बाकी काही कारण नाही. खऱ्या चाकांना सातच्या पाढ्याची फिकीर नसते.

२२/७ बद्दल थोडे जास्त

मुले विचारतात, २२/७ घ्यायचे की ३.१४? दोन्ही अंदाजेच आहेत. पायची किंमत ३.१४१५९ अशी पुढे चालूच राहते. २२/७ किंचित जास्त येते आणि ३.१४ किंचित कमी. किलोमीटरच्या हिशेबात २२/७ने सुमारे ४० सेमीचा फरक पडतो आणि ३.१४ने सुमारे ५१ सेमीचा. म्हणजे पुष्कळांना 'गावठी' वाटणारा अपूर्णांकच जास्त जवळचा आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त दोन्ही सोयी करून ठेवल्या होत्या: सूक्ष्म परीघ हवा असेल तर व्यासाला ३९२७ने गुणून १२५०ने भागा, आणि २२ने गुणून ७ने भागले तर येणारा परीघ स्थूल, पण व्यवहाराला योग्य. चाकाच्या गणिताला व्यवहारयोग्य पुरते. का ते पुढे टायरपाशी कळेल.

वेग

वेगाच्या प्रश्नात फेऱ्यांना फक्त वेळ चिकटलेला असतो. त्रिज्या ३५ सेमीचे तेच चाक मिनिटाला १५० फेरे घेत असेल तर मिनिटाला २.२ × १५० = ३३० मीटर. तासाला ६० पट, आणि किलोमीटर करायला हजाराने भागायचे. म्हणून मीटर प्रति मिनिटला थेट ०.०६ने गुणा: ३३० × ०.०६ = १९.८ किमी प्रति तास. भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी हा ०.०६ लक्षात ठेवावा, दोन पायऱ्या वाचतात.

सायकलवर आणखी एक कडी जोडता येते. माझ्या सायकलला पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. पॅडल एकदा पूर्ण फिरले की चेनचे ४४ दुवे पुढे सरकतात, त्यामुळे मागचे चाक ४४/१८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.२२ मी धरला तर पॅडलच्या एका फेऱ्याला जवळपास ५.४३ मी. मिनिटाला ६० पॅडल मारले तर तासाला साडेएकोणीस किलोमीटर. दाते मोजायला पोरांना फार आवडते. हात काळे होतात, आई रागावते, पण गुणोत्तर डोक्यात पक्के बसते.

दोन वेगळी चाके

ट्रॅक्टरचे पुढचे चाक लहान, मागचे मोठे. समजा पुढच्याचा व्यास ७७ सेमी आणि मागच्याचा १२६ सेमी. मागचे चाक ११०० वेळा फिरले तर पुढचे किती वेळा?

बहुतेक जण दोन्ही परीघ काढत बसतात. गरज नाही. दोन्ही चाके एकाच ट्रॅक्टरची, त्यामुळे अंतर एकच, आणि पाय दोन्हीकडे असल्याने उडून जातो. व्यास जितका लहान तितके फेरे जास्त: ११०० × १२६/७७ = १८००. उत्तर आले, पाय कुठेच लागला नाही.

याच ट्रॅक्टरवर एक छान प्रश्न बनतो. दोन्ही चाकांच्या खालच्या टोकाला चुन्याची खूण केली आणि ट्रॅक्टर निघाला. दोन्ही खुणा पुन्हा एकाच वेळी खाली कधी येतील? आता परीघ लागतील: २४२ सेमी आणि ३९६ सेमी. त्यांचा लसावि ४३५६ सेमी. म्हणजे ४३.५६ मीटरवर, पुढच्याचे १८ आणि मागच्याचे ११ फेरे झाल्यावर. लसावि कशाला शिकायचा असे विचारणाऱ्याला मी हे गणित देतो.

ट्रॅक्टर चिखलात रुतून चाके जागेवरच फिरू लागली तर हा सगळा हिशेब बाद. उलट, करकचून ब्रेक मारल्यावर चाक न फिरता गाडी घसरत पुढे जाते, तेव्हाही बाद. प्रश्नात 'न घसरता' हे शब्द असतात ते यासाठी.

टायरवरचे आकडे वाचा

मोटारीच्या टायरच्या कडेला १८५/६५ आर १५ असे काहीतरी उठवलेले असते. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या ६५ टक्के: सुमारे १२० मिमी. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात, म्हणजे ३८१ मिमी. एकाच ओळीत मिमी, टक्के आणि इंच. ज्याने हे ठरवले त्याला एककांच्या धड्यात मी नापास केले असते. असो. व्यास = ३८१ + दोन्ही बाजूंचे मिळून २४०.५ = ६२१.५ मिमी. परीघ सुमारे १.९५ मी. किलोमीटरला ५१२ फेरे.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते असे धरू. ती झिजून १.६ मिमी उरली की टायर बदलायचा. म्हणजे त्रिज्या ६.४ मिमीने कमी झाली, सुमारे २ टक्के. गाडीचा मीटर मात्र फेरेच मोजतो. लहान झालेल्या चाकाला तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे लागतात, म्हणून जुन्या टायरवर १०० किमी गेलात तर मीटर नव्या टायरपेक्षा सुमारे २ किमी जास्त दाखवतो.

रेल्वेच्या इंजिनात ही गोष्ट आणखी ठळक दिसते. भारतीय रेल्वेच्या विजेच्या मोठ्या इंजिनांच्या नव्या चाकाचा व्यास १०९२ मिमी, आणि झिजत, कातत १०१६ मिमीपर्यंत ते चालवतात. परीघ ३.४३ मी वरून ३.१९ मी वर येतो. वेगमापक नव्या चाकासाठी लावलेला असेल आणि चाक पार झिजलेले असेल, तर काटा १०० दाखवताना गाडी खरी ९३ने धावत असेल. म्हणून चाकाचा व्यास वेगमापकात पुन्हा भरावा लागतो.

सायकलवरचा छोटा डिजिटल मीटर लावतानाही हेच करायचे असते. तो परीघ मिलिमीटरमध्ये मागतो. माझ्या टायरवर ४०-६३५ लिहिले आहे: रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३५, टायरची जाडी ४०. म्हणून ६३५ + ८० = ७१५ मिमी, परीघ २२४६. मी तोच आकडा भरला आणि ओळखीच्या रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर जुळेना. मग डोक्यात प्रकाश पडला: मी बसलो की टायर दबतो. आता मी सायकलवर बसून, भिंतीला हात धरून, तीन फेरे पुढे गेलो आणि मुलीने खडूच्या रेघा मारल्या. ६.६६ मी. भागिले तीन, २२२० मिमी. फरक २६ मिमीचा, सव्वा टक्क्याच्या आत, पण किलोमीटरला सुमारे १२ मीटर. २२/७च्या ४० सेमीवर वाद घालणाऱ्यांनी आधी हवा तपासावी.

एक फेरा न मोजता तीन मोजले, कारण खडूची रेघ सेंटिमीटरभर इकडे-तिकडे झाली तरी चूक तिघांत वाटली जाते. दहा फेरे मोजता आले तर आणखी चांगले.

बैलगाडीची धाव

लाकडी चाकावर लोखंडी धाव, म्हणजे कडेचा लोखंडी पट्टा, चढवताना हाच परीघ लोहाराला लागतो. चाकाचा व्यास १.४ मी असेल तर परीघ ४.४ मी. चाक सरळ पट्टीवरून एक फेरा गडगडवले की तेवढी लांबी पट्टीवर मिळते, सूत्र लागत नाही. पण तेवढीच पट्टी कापून वाकवली तर धाव चढणारच नाही. जाड पट्टी वाकली की तिची आतली बाजू आखडते आणि बाहेरची ताणली जाते. लांबी टिकते ती मधल्या रेषेवर. म्हणून जाडीच्या सव्वातीनपट नव्हे, नेमकी पायपट लांबी वाढवावी लागते: १ सेमी जाड पट्टीला ३ सेमीहून थोडी जास्त.

मग त्यातून थोडी मुद्दाम कमी करायची, कारण धाव घट्ट बसायला हवी. लोखंड सुमारे ५०० अंशांनी तापवले तर ४.४ मी लांबी साधारण अडीच सेंटिमीटरने वाढते. तापलेली धाव चाकावर बसते, वर पाणी ओतले की आवळते आणि आरे करकचून दाबले जातात. धाव फारच तोकडी केली तर चाकच वाकडे होईल, सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड वाळल्यावर निघून येईल. अडीच सेंटिमीटरच्या आतला हा सगळा खेळ.

रोलर

रोलरच्या प्रश्नात लांबीऐवजी क्षेत्रफळ येते: एका फेऱ्यात दबलेली जागा = परीघ × रोलरची रुंदी. मैदानावरचा हातरोलर ७० सेमी व्यासाचा, १ मी रुंद असेल तर फेऱ्याला २.२ चौ. मी. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मी लांब आणि ३.०५ मी रुंद, म्हणजे सुमारे ६१.४ चौ. मी. भागले की २८ फेरे. पुस्तकात उत्तर संपले. मैदानावर मात्र १ मी रुंदीचे तीन पट्टे मारून ५ सेमीची पट्टी उरते, तिच्यासाठी चौथी चक्कर मारावीच लागते. प्रत्येक चकरीला ९ हून थोडे जास्त फेरे, म्हणजे ३७च्या आसपास. रोलर ओढणाऱ्याला विचारा, तो ३७च म्हणेल.

जिथे सूत्र फसवते

इथपर्यंत चाक सपाट रस्त्यावर होते. आता दोन गोल पेन्सिली घ्या (षटकोनी नकोत), त्यांच्यावर एक पट्टी आडवी ठेवा आणि पट्टी हलकेच ढकला. पेन्सिलचा एक फेरा झाला की पट्टी टेबलावरून किती पुढे गेली? बहुतेक जण म्हणतात एक परीघ. मोजून पाहा: दोन परीघ.

कारण असे. पेन्सिल स्वतः टेबलावर एक परीघ पुढे जाते. पट्टी पेन्सिलच्या वर आहे, ती पेन्सिलच्या तुलनेतही एक परीघ पुढे सरकते. जड दगड किंवा यंत्र ओंडक्यांवरून सरकवतात तेव्हा हेच होते, म्हणून मागे सुटलेला ओंडका उचलून पुढे टाकायला माणूस सतत पळत असतो. चालत्या चाकाचा सगळ्यात वरचा बिंदूही गाडीच्या दुप्पट वेगाने जात असतो आणि जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. धावत्या सायकलच्या फोटोत खालच्या तारा स्पष्ट आणि वरच्या पुसट दिसतात त्या यामुळेच.

म्हणून सूत्र जरा नीट सांगायला हवे: परीघ × फेरे म्हणजे चाकाचा मध्य जितका सरकतो ते अंतर. सपाट रस्त्यावर मध्य आणि गाडी एकत्रच जातात, त्यामुळे फरक कळत नाही. वाकड्या वाटेवर कळतो.

दहा रुपयांची दोन नाणी घ्या. एक दाबून धरा आणि दुसरे त्याच्या कडेने, न घसरता, एक पूर्ण चक्कर फिरवा. दोघांचा परीघ सारखा, म्हणजे एकच फेरा व्हायला हवा ना? नाण्यावरच्या अंकावर लक्ष ठेवा. अर्ध्या चकरेतच तो पुन्हा सरळ उभा राहतो. पूर्ण चकरीला दोन फेरे. फिरणाऱ्या नाण्याचा मध्य एका त्रिज्येच्या नव्हे तर दोन त्रिज्यांच्या वर्तुळावरून जातो, म्हणून. १९८२ मध्ये अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी असलेल्या सॅट परीक्षेत असाच प्रश्न आला होता: लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश, लहान वर्तुळ मोठ्याभोवती फिरून मूळ जागी येईपर्यंत त्याचे किती फेरे? परीक्षा घेणाऱ्यांनी तीन हे उत्तर धरले होते. खरे उत्तर चार, आणि ते पर्यायांत नव्हतेच. काही विद्यार्थ्यांनी ते दाखवून दिले आणि तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला.

बाहेरून फिरताना मध्याच्या वाटेची त्रिज्या दोन्ही त्रिज्यांची बेरीज असते, आतून फिरताना वजाबाकी. ती लहान वर्तुळाच्या त्रिज्येने भागली की फेरे. आतले पाहायला घरातली बांगडी पुरते. बांगडीचे माप इंच आणि इंचाचे सोळावे भाग असे असते, त्यामुळे दोन-चारची बांगडी आतून सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे ५७ मिमी. दहाचे नाणे २७ मिमी. बांगडी टेबलावर आडवी धरून नाणे आतल्या कडेने एकदा पूर्ण फिरवा: ५७ वजा २७, भागिले २७. एक फेरा पुरा होऊन अंक थोडा पुढे कललेला दिसेल. बांगडी काचेची असेल तर आईला आधी विचारा.